तातोबा मिस्त्रींचे आठ बुंधे

तातोबा मिस्त्री आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईनं त्यांना बसायला लाकडी खुर्ची दिली. त्यांनी ती उलटी केली. कमरेचा टोच्या काढून चारही पायांत एकेकदा टोचून पाहिला, खुर्ची सुलटी केली आणि मगच टेकले. बसलेही असे, की अंगणात उतरवलेल्या त्यांच्या फळ्या डोळ्यांसमोर राहाव्यात. आई पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.

माझे वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मात्र गंमत वाटली. "मिस्त्री, सुरुंग हुडकताय व्हय?"

"तसं न्हवं सुभेदार. वाळवी पायातनं चढती. मानूस पडल्यावर मग कळतंय."

वडिलांनी नोकरीत कुठल्याशा छावणीतले जुने बंगले पाहिले होते. त्या बंगल्यांपुढे जमिनीपासून दोन पायऱ्या उंच, लाकडी फळ्यांचे ओटे होते. तसाच एक आपल्या घरापुढे हवा, हे त्यांनी तिथंच ठरवून टाकलं होतं. आटपाडीच्या उन्हात लाकडाचा ओटा म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं सगळ्यांनी सांगितलं. सगळ्यांनी सांगितलं म्हणूनच त्यांनी तो केला. गाव त्याला 'सुभेदारांच्या फळ्या' म्हणायचं आणि संध्याकाळी तिथंच गप्पांना बसायचं. दर दोन-तीन उन्हाळ्यांनी एखादी फळी वाकडी व्हायची, एखादी चिरायची. शिवाय घराच्या पूर्वेला बाभळीच्या खांबांचं लाकडी कुंपण होतं, शेजारच्या सोपानअण्णांच्या शेळ्या आत येऊ नयेत म्हणून. ओटा आणि कुंपण या दोन दुखण्यांसाठी तातोबा आमच्याकडं वीस-बावीस वर्षं येत राहिले.

माणूस किडकिडीत. डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, कानावर पेन्सिलीऐवजी पांढरा खडू. घरात येण्याआधी कुंपणाला बाहेरून एक फेरी मारायचे आणि प्रत्येक खांब अंगठ्यानं दाबायचे. कुणाशी बोलत असले तरी नजर त्या माणसाच्या खांद्यावरून मागच्या चौकटीवर असायची. त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. पेपरातल्या हवामानावर नाही, वखारवाल्यावर नाही, खिळ्यांवर लावलेल्या लेबलावर तर मुळीच नाही. सगळ्यात जास्त संशय लाकडाचा. नवी फळी आणली की ती लगेच ठोकायची नाही. आमच्याच अंगणात, आमच्याच उन्हात एक अख्खा उन्हाळा रचून ठेवायची.

"वखारवाला म्हनतोय, वाळल्यालं हाय," ते सांगायचे. "आसंल. पर त्येच्या वखारीतलं ऊन येगळं, तुमच्या दारातलं येगळं. हितलं ऊन खाऊ द्या त्येला. मग कोन सरळ ऱ्हातंय ते बघू."

रचून झाली की ते त्या ढिगाच्या कडेवर वरपासून खालपर्यंत खडूची एक तिरकी रेघ ओढायचे. एखादी फळी कुणी काढली, बदलली, नुसती हलवली, तरी रेघ तुटणार. आईला हे फार लागलं. "आमी काय चोर हाय व्हय वो मिस्त्री?"

"तुमी न्हाई वयनी. पर मी तरी कुनाला वळकतो?"

आई आठवडाभर त्यांच्या चहात साखर कमी घालत होती. त्यांनी तेही ओळखलं असणार, पण चहा प्याले.

वडिलांनी या रेघेचा मान राखला, आणि तो कसा, हे मी एकदाच पाहिलं. भर उन्हाळ्याची सकाळ होती. सोपानअण्णांच्या दोन शेळ्या कुठूनतरी आत शिरल्या आणि त्या ढिगाला मनसोक्त अंग घासून गेल्या. निम्मी रेघ पुसली. मी बाहेर आले तर वडील बनियनवर, उकिडवे बसून, खडूनं ती रेघ नीट जोडत होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "मिस्त्रीला बोलू नगं. त्येला झोप यायची न्हाई."

मला हसू आलं. रागही आला. एका सुताराच्या संशयासाठी सुभेदारानं उकिडवं बसायचं?

आता माझ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी वजनमापं तपासायच्या खात्यात नोकरीला होते. दुकानातले काटे, पेट्रोलपंपावरची मापं, कापडवाल्यांचे गज तपासायचे. समोरचा खोटं माप लावतोय असं धरूनच आमचा दिवस सुरू होतो. म्हणजे संशय तातोबांचा स्वभाव होता आणि माझं पोट. पण मला माझा संशय हुशारी वाटायचा आणि त्यांचा उद्धटपणा.

ते टेप वापरत नसत. "लोखंडाचा टेप उन्हात वाढतोय," म्हणायचे. त्यांच्याकडं खाचा पाडलेली एक काळी शिसवी काठी होती. त्यांच्या वडिलांची. एकदा ते जेवायला बसले असताना मी ती काठी गुपचूप उचलली आणि माझ्याकडच्या तपासलेल्या पट्टीवर लावून पाहिली. काठी पूर्ण लांबीत एक जव कमी भरली. मला इतका आनंद झाला की त्यांचं जेवण होईपर्यंत धीर धरवला नाही.

"मिस्त्री, तुमची काठी खोटी आहे. जवभर कमी."

त्यांनी भाकरीचा घास मोडला. "ठावं हाय. बाच्या हातात झिजली, माझ्या हातात झिजली. म्हनून तर मी दर मापाला जव वाढवून धरतो." मग घास तोंडात घालून म्हणाले, "तुमी मोजली ते बरं केलंसा, ताई. मीबी तुमची पट्टी मोजून बघितलीया. बरूबर हाय."

माझी पट्टी त्यांनी कधी मोजली, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

सांगलीला मी फ्लॅट घेतला तेव्हा गच्चीवर बसायला म्हणून शहरातल्या एका माणसाकडून लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या फळ्या बसवून घेतल्या. वाळवी नाही, रंग नाही, काही बघावं लागत नाही, असं त्यानं पटवलं होतं. तातोबा कुणाच्या तरी दवाखान्याच्या निमित्तानं सांगलीला आले होते, त्यांना मी मुद्दाम दुपारी वर नेलं. जरा मिरवायचंच होतं. त्यांनी चपला काढल्या, एक पाय ठेवला आणि तव्यावर ठेवल्यासारखा उचलला. कोपऱ्यातला मग घेऊन फळीवर पाणी ओतलं, त्याची वाफ होताना बघितली, चपला घातल्या आणि खाली गेले. पुढच्या चैत्रात मधल्या दोन फळ्या पोट धरल्यासारख्या वाकल्या. मी त्यांना कळवलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

कुंपणाच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता, आणि सगळं रामायण त्यातूनच घडलं. सडलेल्या खांबाच्या जागी नवा खांब रोवायचा, पण जुन्या खड्ड्यात कधीच नाही. जुन्या खड्ड्यात वाळवीचं घर असतं, नवं लाकूड दिलं की तिला आयतं जेवण. म्हणून खड्डा एक वीतभर बाजूला घ्यायचा. नव्या खांबाचा बुंधा जाळावर धरून काळा करायचा, त्याला गाडीचं जळकं ऑइल पाजायचं आणि मग तो रोवायचा. आमचे मूळ आठ खांबही त्यांनीच असे रोवलेले; त्यांतला कधी हा सडायचा, कधी तो. त्यामुळं कुंपण हळूहळू वाकडं होत गेलं. वडिलांना कवायतीसारखी सरळ रांग लागायची. तरी या कुंपणाला ते काही बोलत नसत, नुसते बघून सुस्कारा टाकायचे. त्या सुस्काऱ्याचा अर्थ मी कधी विचारला नाही.

वडील गेले. आई माझ्याकडं सांगलीला राहायला आली. घर मी ठेवलं होतं, सुट्टीला जात होते. अशात सोपानअण्णांच्या मुलांनी कुंपणाच्या जागी पक्की भिंत बांधायचं काढलं आणि त्यासाठी सरकारी मोजणी मागवली. मोजणीदारानं कागद उघडला, खुणा शोधल्या, दोरी लावली. दोरी आमच्या कुंपणाच्या पलीकडून गेली. कुठं वीतभर पलीकडून, कुठं दीड फूट. कडुलिंबाजवळच्या खांबापाशी तर दोन फुटांहून जास्त. म्हणजे इतकी वर्षं आमच्या जागेचा एक लांबट पट्टा सोपानअण्णांच्या अंगणात पडून होता.

माझ्या मनात पाल चुकचुकली. वीस वर्षं या कुंपणाला एकाच माणसाचा हात लागला होता. काम झालं की तो माणूस सोपानअण्णांच्या उंबऱ्यावर बसून तंबाखू मळायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तातोबा तिथंच उभे होते. जुनं कुंपण काढायचं होतं म्हणून अण्णांच्या मुलांनीच त्यांना बोलावलं होतं. गल्लीतली आठ-दहा माणसं गोळा झाली होती.

मी सगळ्यांदेखत विचारलं, "मिस्त्री, कुंपण तुम्ही सरकवलंत?"

"व्हय," ते म्हणाले. "सरकवलं. दर येळंला तुमच्याच अंगात, आतल्या बाजूला घेतलं. पर ताई, त्येचं आसं हाय..."

मी पुढचं ऐकून घेतलं नाही. कबुली मिळाली की आमच्या खात्यात बोलणं संपतं. मी म्हणाले, "लोकांच्या फळ्यांवर रेघा ओढता, आणि आमची रेघ खुशाल सरकवता?" वाक्य मला तेव्हा फार छान जमलं असं वाटलं. दोघं-तिघं हसले. तातोबांनी कानावरचा खडू काढून खिशात टाकला, काठी उचलली आणि गेले. सोपानअण्णा खाली मान घालून उभे होते. ती मान मी अपराधाची समजले.

अण्णांच्या मुलांचा भिंतीचा बेत पैशापायी लांबला. पुढच्या उन्हाळ्यात मीच नव्या हद्दीवर नवं कुंपण करायचं ठरवलं. तातोबांना अर्थातच बोलावलं नाही. मोजणीदाराच्या खुणांना दोरी बांधली आणि एका मजुराला खड्डे काढायला लावलं. पहिल्याच खड्ड्यात हातभर खाली पहार खणकन वाजली. दगड असेल म्हणून त्यानं माती काढली. काळा, जळलेला, ऑइल पाजलेला बाभळीचा बुंधा निघाला. वरून करवतीनं सपाट कापलेला आणि मधोमध एक मोठा खिळा मारलेला. खिळा नेमका दोरीच्या खाली.

दुसऱ्या खड्ड्यात तसाच बुंधा. तिसऱ्यातही. मग आम्ही नवे खड्डे सोडून नुसते तेच शोधत सुटलो. सात निघाले, सातही एका रेषेत, वडिलांना हवी होती तशा. हद्दीवरचा पहिला खांब सडला की तातोबा तो उपटत नव्हते. जमिनीखालचं टणक लाकूड तसंच ठेवून, खिळा मारून, माती ओढून घेत होते. मूळ हद्द त्यांनी एकदाही हलवली नव्हती. ती जमिनीखाली जपून ठेवली होती.

सोपानअण्णा त्यांच्या बाजूनं बघत उभे होते. म्हणाले, "मला ठावं हुतं. सुभेदारास्नीबी. तातोबाचा नियमच हाय, जो काम सांगतो त्येच्या अंगात खड्डा घ्यायचा. शेजाऱ्याच्या अंगात वीतभर गेलं तर डोकी फुटत्यात. सुभेदार म्हनलं हुतं, जाऊ दे, अण्णाच्या शेळ्या हिंडत्याल तेवढ्यात."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत, अण्णा?"

"बोललो आसतो तर काय म्हनला आसता? दोघं मिळून हाईत, आसंच न्हवं?"

मी तसंच म्हणाले असते. अगदी त्याच शब्दांत.

खरं तर तिथूनच उठून मी तातोबांकडं जायला हवं होतं. पण सात निघाले होते आणि खांब होते आठ. आठवा कडुलिंबाजवळचा, जिथं फरक सगळ्यात मोठा होता. तिथं दोनदा खणलं, नुसती मुळं लागली. आता सांगायला लाज वाटते, पण हा एक कसा नेमका नाही, हा किडा डोक्यात वळवळत ठेवूनच मी माफी मागायला निघाले.

दिघंचीच्या रस्त्याला त्यांचं घर. दारात बसून ते कुदळीला दांडा बसवत होते. अंगणात तसे पंधरा-वीस दांडे पडले होते. त्यांच्या बायकोनं मला पाणी दिलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी बोलला त्या दिसापासनं कुंपनाला कोन बोलवीत न्हाई. म्हनत्यात, तातोबा हद्द सरकवतो. चाळीस वर्सं ह्याच कामात काढली ह्येंनी." मी पाणी तसंच खाली ठेवलं.

मी तातोबांना म्हणाले, "मिस्त्री, चुकलं माझं. बुंधे निघाले."

"सडलं न्हाईत न्हवं?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"नाही. लोखंडासारखे आहेत."

"किती निघालं?"

"सात."

त्यांनी दांडा खाली ठेवला आणि पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं, माझ्यामागच्या चौकटीकडं नाही. "म्हंजे आठवा घावला न्हाई म्हनून आलायसा."

मी मान हलवून कबूल केलं.

"लिंबाच्या मुळीनं धरला आसंल त्येला. मुळीच्या खालनं बघा." मग पुन्हा दांडा हातात घेत म्हणाले, "सुभेदार हुतं तवर बुंध्यास्नी खिळं मारायची गरज नव्हती, ताई. त्येंच्या मागं तुमी येनार, ह्ये ठावं हुतं. माझी काठी मोजलीसा, त्याच दिवशी जुनं बुंधं उकरून खिळं मारायला सुरू केलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

आठवा बुंधा मुळीखालीच निघाला. कडुलिंबाचं एक मूळ त्याला वळसा घालून पार पलीकडं गेलं होतं. खिळा दोरीखाली होता. मी मोजणीच्या दिवशी होती ती सगळी माणसं पुन्हा गोळा केली. हसले होते त्यांना घरी जाऊन बोलावून आणलं. तातोबांनाही आणलं. ते कुंपणाच्या टोकाला उभे राहून अंगठ्यानं खांब दाबत राहिले, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. आठही खड्डे उघडे ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं की मिस्त्रींनी हद्द राखली आणि मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला. कुणी हसलं नाही. त्याच आठवड्यात एका बागाईतदारानं त्यांना द्राक्षमळ्याच्या कुंपणासाठी बोलावलं, असं अण्णांनी मला कळवलं. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

ओट्याच्या सहा फळ्या बदलायच्या होत्या, ते काम मी त्यांना सांगितलं. ते त्यांचं आमच्याकडचं शेवटचं काम. नंतर डोळ्यांनी दगा दिला आणि ते विट्याला मुलीकडं राहायला गेले. त्यांनी साग आणला, अंगणात रचला, रेघ ओढली आणि 'उन्हाळा सरला की येतो' म्हणून गेले. मी त्या वेळी रजा काढून आटपाडीतच होते. वैशाखात अण्णांच्या शेळ्यांनी आपलं काम चोख बजावलं. नव्या शेळ्या, सवय तीच. रेघ अर्धी पुसली. मी आतून खडू आणला, उकिडवी बसले आणि रेघ जोडली. गुडघे कुरकुरले. वडिलांचेही तेव्हा कुरकुरले असतील.

तातोबा आले. नेहमीसारखी बाहेरून फेरी मारली, नवे खांब दाबले, आत आले आणि ढिगापुढं थांबले. बराच वेळ बघत राहिले.

"ही रेघ माझी न्हाई."

"शेळ्यांनी पुसली होती. मी ओढली."

"सुभेदार जाड वढायचं," ते म्हणाले. "तुमची बारीक हाय."

म्हणजे इतकी वर्षं त्यांना माहीत होतं. वडिलांना वाटायचं आपण लपवलं, आणि त्यांनी ते तसंच वाटू दिलं.

"फळ्या मोजून घ्या, मिस्त्री," मी म्हणाले. "मला राग येणार नाही."

त्यांनी मोजल्या नाहीत. मी आतून तीच जुनी लाकडी खुर्ची आणून ठेवली. त्यांनी ती उलटी केली, टोच्या काढला, चारही पायांत एकेकदा टोचून पाहिला. मग सुलटी करून मांडली, ती घराकडं तोंड करून. फळ्यांकडं पाठ करून ते बसले आणि टॉवेलनं घाम पुसत म्हणाले, "च्या टाका, ताई. साखर वयनीसारखी नगं, बरूबर घाला."